हातानं पानं लिहिणाऱ्या ताई

“लोकं फोन करून पह्यले काय इचारतेत?”

नवीन गिऱ्हाईक येऊन खुर्चीत बसलं आणि आपल्याला वेबसाइट कशी हवी ते सांगू लागलं, की ताई त्याला मधेच थांबवून हा प्रश्न करायच्या. गिऱ्हाईक गोंधळायचं. त्याच्या मनात फिरती चित्रं, सोनेरी अक्षरं, गॉगल घातलेला स्वतःचा फोटो असं बरंच काही असायचं. ताई तोच प्रश्न पुन्हा विचारत आणि मान थोडी वळवून, उत्तर कानानं टिपायचं असल्यासारख्या बसत. आर्वीच्या बियाण्यांच्या दुकानदारानं डोकं खाजवून सांगितलं होतं, “माल आला का, अन् दुकान उघडं हाय का. दुसरं कोण काय इचारते?” ताई म्हणाल्या, मग झालं, हेच सगळ्यात वर लिहू. आणि खरंच, त्या दुकानाच्या पानावर सगळ्यात वर तेवढ्याच दोन ओळी होत्या. आज कोणतं बियाणं आलं आहे आणि दुकान कितीपर्यंत उघडं आहे.

वर्ध्याला आर्वी नाक्याजवळ, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. आम्ही पाच माणसं. लहानसहान धंद्यांच्या वेबसाइट करायचो. मालकाला सगळे भाऊ म्हणत. मी सेलूहून एसटीनं ये-जा करी. ताई माझ्या कितीतरी आधीपासून तिथं होत्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांना ते कुठं छापलेलं आवडत नसे. साइटच्या तळाशी ती कोणी केली ते लिहायची पद्धत असते. तिथंही त्या फक्त ऑफिसचं नाव टाकत.

त्या मूळच्या टायपिंगवाल्या. वडील पोस्टात होते. मुलीला कोर्टात नाहीतर तहसीलमध्ये चिकटवायचं म्हणून त्यांनी तिला मराठी आणि इंग्रजी, दोन्ही टायपिंगच्या परीक्षा द्यायला लावल्या. नोकरी काही लागली नाही. तोवर टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले आणि ताईंची बोटं रिकामी होती ती त्यांच्याकडं वळली.

ज्यांनी वेबसाइटचं पान आतून पाहिलं नसेल त्यांना एवढंच सांगतो, की बाहेरून दिसणाऱ्या चित्रांच्या आणि रंगांच्या मागं सगळा मजकूर असतो. प्रत्येक भाग सुरू होताना एक खूण लिहायची आणि संपताना दुसरी. शेवटची खूण विसरली की पानच्या पान एका अंगाला कलंडतं. ताई हा मजकूर हातानं लिहायच्या, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मी नवीन असताना माझं पान कलंडलं की त्या माझ्या मागून जाता जाता म्हणत, “उघडलं तं बंद कर, बाबू.” हे त्यांचं वाक्य ऑफिसमध्ये सगळ्याला लागू होतं. डब्याच्या झाकणाला, पाण्याच्या नळाला, फ्रीजच्या दाराला. एकदा आमच्यातल्या दोघांचं खिडकी उघडी ठेवण्यावरून वाजलं आणि आठ दिवस अबोला चालला. नवव्या दिवशी ताईंनी दोघांच्या मधे चहा ठेवला आणि म्हणाल्या, “उघडलं तं बंद करा ना बाप्पा आता.” दोघं हसले आणि मिटलं.

पान तयार झालं की ताई ते मोठ्या स्क्रीनवर दाखवून खूश होत नसत. आईचा जुना, स्वस्तातला फोन घेऊन त्या जिन्याच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहत. तिथं नेटवर्क जेमतेम येई. पान तिथं उघडलं तरच ते त्यांच्या लेखी झालं. आर्वीच्या डेपोत उतरलेला शेतकरी असाच फोन घेऊन उभा असतो, असं त्यांचं म्हणणं. दुकानापर्यंत चालत जायचं की नाही, हे त्याला तिथंच कळायला हवं.

मग आमच्याकडं ते नवं साधन आलं. त्यात लिहायचं काही नाही. डाव्या बाजूला चौकटी असतात. माउसच्या बाणानं चौकट पकडायची, ओढायची आणि हवी तिथं सोडायची. चित्र हवं तर चित्राची चौकट, फोन नंबर हवा तर त्याची चौकट. मी ते आठ दिवसांत शिकलो. ताईंना ज्या कामाला चार दिवस लागत ते मी एका दुपारी करू लागलो. देवळीच्या एका मंगल कार्यालयाचे मालक माझ्या शेजारी बसले आणि स्वतःच्या हातानं त्यांनी स्टेजचा फोटो वर सरकवला, तेव्हा ते लहान मुलासारखे हसले होते. यापुढं फोटो बदलायला तुम्हाला फोन करायची गरज नाही, असं मी त्यांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

ताईंनीही नाकारलं नाही. मी त्यांना मुद्दाम विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “वाईट नाई ते. ज्याचं घर त्याले खुर्ची हलवता आली पाहिजे.” फक्त स्वतः त्या ते वापरत नव्हत्या. आम्हाला वाटे, हा जुन्या माणसाचा हट्ट. आम्ही पाठीमागं हसायचो. तुम्हीही तुमच्या ऑफिसातल्या एखाद्या माणसाला असं हसला असाल.

पुढं भाऊंनी ठरवलं, की यापुढं सगळं काम नव्या साधनावरच होईल आणि जुन्या साइटही हळूहळू त्यात आणायच्या. ताईंना शिकवायचं काम माझ्याकडं आलं. एका दुपारी त्या माझ्या शेजारी बसल्या. मी म्हटलं, ही चौकट पकडा आणि खाली ओढा. त्यांनी माउस हलवला. बाण स्क्रीनवर इकडून तिकडं धावत होता आणि त्या मान सावकाश डावीकडून उजवीकडं फिरवत होत्या. चौकट पकडली तर मधेच सुटली. सुटली ती भलतीकडंच जाऊन पडली. पुन्हा तेच. चौथ्यांदा, पाचव्यांदा तेच. माझा धीर संपला. मी म्हणालो, “ताई, समोरच तर आहे. डोळ्यांनी बघा ना नीट.”

त्यांनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“तेच तं दिसून नाई राह्यलं, बाबू.”

मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं. आधी अंधारात दिसेनासं झालं. नंतर बाजूचं दिसणं गेलं. आता नळीतून पाहावं तसं समोरचं एक लहानसं वर्तुळ उरलं होतं. सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नीट तपासून, समजावून सांगितलं होतं, की यावर औषध नाही आणि हे वर्तुळ लहान होत जाणार. अक्षरं त्या वर्तुळात एकामागून एक येत, म्हणून वाचता येई. बोटांना तर पाहावंच लागत नसे. बाण मात्र त्या वर्तुळात सापडत नसे. कुठं गेला हे शोधेपर्यंत तो आणखी कुठं गेलेला असे.

मला मग एकेक गोष्ट आठवत गेली. खुर्चीला लागलेला त्यांचा गुडघा. पुढं केलेला चहाचा कप न घेता तसंच बसणं, आणि आम्ही ते शिष्टपणा समजणं. त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, की हे कोणाला सांगायचं नाही. घरी म्हातारी आई होती आणि चूल ताईंच्या पगारावर पेटत होती.

दोन दिवसांनी जिन्यात भाऊंनी मला गाठलं. “तिले जमन का रे ते?” त्यांनी विचारलं.

मी काय सांगायला हवं होतं ते मला आज कळतं. ताई हातानं लिहितात ते लिहू द्या, त्यांची पानं आपल्या पानांपेक्षा लवकर उघडतात, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. डोळ्यांचं नाव काढायचीही गरज नव्हती. मी म्हणालो, “नाही जमणार त्यांना.” दिलेला शब्द मी पाळला, असं मी कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. पण खरं हेही होतं, की ताईंच्या हातातलं काम माझ्याकडं येणार होतं आणि मला ते हवं होतं.

भाऊ वाईट माणूस नव्हते. त्यांनी ताईंना काढलं नाही. पगार तोच ठेवून फोनच्या टेबलावर बसवलं. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे आणि निरोप लिहून ठेवायचे. ताई ते कामही नीट करत. फोनवर लोक काय विचारतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? पण त्यांच्यासमोर कीबोर्ड नव्हता. फोन वाजत नसे तेव्हा त्या टेबलाच्या कडेवरून नुसता हात फिरवत बसलेल्या दिसत. माझ्या खुर्चीतून ते टेबल समोरच होतं. मी माझी खुर्ची फिरवून घेतली.

सहा-सात महिन्यांनी त्या जिन्यावरून पडल्या. खालची एक पायरी राहिली आहे हे त्यांना दिसलं नाही. हात मोडला. मग सगळ्यांनाच कळलं. भाऊ त्यांच्या घरी गेले तेव्हा मी बरोबर होतो. भाऊंचे डोळे भरून आले. आम्हाला आधी काऊन नाही सांगितलं, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, “सांगतलं असतं तं कामाच्या आधी लोकांनी माहे डोळेच पाह्यले असते.” परत येताना भाऊंनी मला विचारलं, की तुला माहीत होतं का. मी हो म्हणालो. ऑफिस येईपर्यंत ते माझ्या दोन पावलं पुढं चालत राहिले.

हात बरा झाल्यावर ताई ऑफिसला आल्या नाहीत. भाऊंनी दोनदा निरोप पाठवला, त्यांनी दोनदा नम्रपणे नको म्हटलं.

मी पुष्कळ दिवस त्यांच्याकडं गेलो नाही. पाय उचलत नव्हता. शेवटी गेलो तो रामनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी, एका रविवारी सकाळी. दारातूनच एक विचित्र आवाज ऐकू आला. कोणीतरी भरधाव बडबडत होतं आणि त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ताई कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. पडद्यावर लिहिलेलं वाचून दाखवणारी ती मशीन होती. सवयीनं त्यांनी तिचा वेग इतका वाढवला होता की मला ती भाषाच वाटेना. त्यांना मात्र सगळं कळत होतं. एका ठिकाणी थांबून त्यांनी एक खूण दुरुस्त केली आणि हसून म्हणाल्या, आता बाणाची कटकटच नाई.

आर्वीचे बियाणेवाले आणि आणखी चार-पाच जुनी गिऱ्हाइकं त्यांच्याकडं आपणहून गेली होती. वर्तुळ आता जवळजवळ मिटलं होतं. ताई ऐकून ऐकून लिहीत होत्या आणि पानं पूर्वीसारखीच सरळ उभी राहत होती. त्यांना सगळ्यात आनंदात मी पाहिलं ते त्या काळात. आई पलंगावर बसून शेंगा सोलत आणि मशीनचं बोलणं ऐकून म्हणत, ही बाई श्वास कधी घेते? मी नंतर अधूनमधून जात राहिलो. जिन्यात काय बोललो होतो ते मात्र सांगायचं राहिलं.

एकदा गेलो तर पलंगावर आई झोपून होत्या. न्हाणीत पडून मांडीचं हाड मोडलं होतं. ताईंनी ती हकीकत सांगितली ती अगदी सहज, दुसऱ्या कोणाची सांगावी तशी. दुपारची वेळ होती. आईला एकटीनं उचलता येईना. घरी येऊन मदत करणाऱ्या एका नर्सिंग सेवेचं नाव त्यांना ठाऊक होतं, म्हणून नंबरासाठी त्यांनी तिची साइट उघडली. ती मी केलेली होती, आणि बरीच वाखाणली गेलेली.

“बाबू, नंबर कुठं ठेवलास रे त्यात?”

मी म्हणालो, “वरच आहे, ताई. मोठा आहे.”

“असन. माह्या मशीनीनं तं ‘चित्र’ म्हटलं. मंग आणखी एक ‘चित्र’. मंग ‘बटण’.”

नंबर मी एका हिरव्या चित्रात, चित्राचाच भाग म्हणून टाकला होता. दिसायला फार सुरेख होता. पण मशीन चित्रातलं वाचू शकत नाही. त्यांनी दोन-तीनदा पान वरपासून खालपर्यंत ऐकलं, मग भिंत चाचपत बाहेर जाऊन शेजारच्या काकूंना हाक मारली. काकू बाजारात गेल्या होत्या. त्या येईपर्यंत आई न्हाणीच्या ओल्या फरशीवर पडून होती आणि ताई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

एवढं सांगून त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला. मी तिथंच माझ्या फोनवरून तो नंबर चित्रातून काढून साध्या अक्षरांत लिहिला. चहा निवायच्या आत ते काम झालं.

आई त्या पडण्यातून उठल्या नाहीत. काही महिन्यांनी गेल्या. ताईंनी त्या दुपारचा विषय माझ्याकडं पुन्हा कधी काढला नाही.

ताईंचा धाकटा भाऊ नागपूरला होता. तेराव्यानंतर तो ताईंना घेऊन गेला. बहिणीवर त्याची माया होती, यात शंका नाही. जन्मभर राबली, आता तिनं आराम करावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. कॉम्प्युटर वर्ध्यालाच राहिला. तो न्यायचा का, असं ताईंनी विचारलं तेव्हा धाकटा म्हणाला, की तिकडे तुला कशाची कमी पडणार आहे? गिऱ्हाइकांची नावं ताईंनी मला फोनवर एकेक करून सांगितली आणि कोण काय विचारतं तेही सांगितलं. मी ती सगळी पानं नव्या साधनात घेतली.

सुरुवातीला दर रविवारी त्यांचा फोन येई. आर्वीवाल्यांचा माल आला का, ते वर लिहिलंस का, एवढंच विचारत. मग पंधरा दिवसांनी येऊ लागला. मग मीच करायचो.

एकदा नागपूरला गेलो तेव्हा त्यांना भेटायला गेलो. तिसऱ्या मजल्यावरचा स्वच्छ फ्लॅट. वहिनींनी अगत्यानं पोहे केले. ताई गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. पार वाळल्या होत्या. वहिनी आत गेल्यावर त्या म्हणाल्या, आर्वीचं पान आतून वाचून दाखव. मला आधी समजलंच नाही. मग मी फोनवर त्या पानाच्या मागचा मजकूर उघडला आणि वाचू लागलो. तो नव्या साधनानं आपोआप लिहिलेला होता. एका चौकटीत दुसरी, दुसरीत तिसरी, नावांच्या जागी नुसते आकडे आणि अक्षरांची गर्दी. पाच मिनिटं वाचलं तरी बियाण्याचं नाव येईना. मी अडखळू लागलो. ताई डोळे मिटून ऐकत होत्या.

“राहू दे, बाबू,” त्या म्हणाल्या. “तुलेही वाचता येऊन नाई राह्यलं.”

निघताना मी एकदम बोलून गेलो, की त्या वेळी भाऊंनी मला विचारलं होतं आणि तुम्हाला जमणार नाही असं मीच सांगितलं होतं. ताईंनी माझा हात शोधून धरला. म्हणाल्या, “मले माहीत होतं. जिन्यातलं बोलणं वर सगळं ऐकू येते रे.” मग म्हणाल्या, एसटी चुकन तुही, जाय. येत जाजो.

मला पुन्हा जाणं झालं नाही. पुढच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ताई गेल्या. मला चार दिवसांनी कळलं, तेही आर्वीच्या बियाणेवाल्यांकडून. त्यांना नागपूरहून फोन आला होता. ते फोनवर रडत होते.

गेल्या महिन्यात भाऊंनी आमच्या ऑफिसची स्वतःची साइट नवी करायला सांगितली. इतकी वर्षं तिच्याकडं कोणी पाहिलंच नव्हतं. ती ताईंनी हातानं लिहिलेली होती. शेवटच्या पानावर कधीतरी एक फोटो होता, पण मधे साइट एका जागेवरून दुसरीकडं हलवताना तो हरवला असावा. आता तिथं नुसती रिकामी चौकट होती. फोटो उघडला नाही, की त्याच्या मागं लिहून ठेवलेले शब्द पुढं येतात. ज्याला दिसत नाही त्याला मशीन तेच वाचून दाखवते. बहुतेक जण ते लिहीत नाहीत. मीही लिहीत नव्हतो. त्या रिकाम्या चौकटीत लिहिलं होतं:

“ऑफिसमधली दसऱ्याची पूजा. डावीकडे भाऊ, हातात नारळ, हसू दाबत आहेत. मागे दोघे जण, दोघांचे लक्ष प्रसादाकडे. उजवीकडे निळ्या शर्टातला सेलूचा मुलगा, कालच नोकरीला लागला, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नाही. कॉम्प्युटरला झेंडूचा हार. फोटो काढणारी यात नाही.”

तो फोटो मी सगळ्यांकडं मागितला. कोणाकडंच नाही. नव्या साइटवर त्या जागी मी ती वाक्यं तशीच ठेवली आहेत, साध्या अक्षरांत.